मुलांना बातमी कोण सांगणार?

मोठी बातमी आली की आपल्या बहुतेक घरांत सारखंच घडतं. मोठी माणसं टीव्हीचा आवाज वाढवतात आणि मुलांना म्हणतात, ‘जा रे, तिकडे खेळा.’ मुलं उठतात, पण खेळत नाहीत. दाराआडून ऐकत राहतात. अम्मी फोनवर मामूंशी हळू आवाजात काय बोलली, दादी एकदम गप्प का झाली, अब्बूंनी आज दार लवकर का लावलं, हे सगळं त्यांना दिसत असतं. संध्याकाळपर्यंत या तुकड्यांतून त्यांनी स्वतःची एक बातमी तयार केलेली असते. ती खऱ्या बातमीपेक्षा बहुतेक वेळा जास्त भीतीदायक असते, कारण ‘एवढंच झालं, याच्यापुढे काही नाही’ असं सांगणारं तिच्यात कुणी नसतं.

म्हणून ‘लहान मुलांना असल्या गोष्टी सांगाव्यात का?’ हा प्रश्नच मला उशिराचा वाटतो. बातमी त्यांच्यापर्यंत पोचलेलीच असते. ती कुणी सांगायची, एवढंच ठरवणं आपल्या हातात उरतं. आपण सांगायची, की वर्गातल्या शेजारच्या बाकावरच्या पोरानं, की चुलतभावाच्या मोबाइलनं?

मी जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचा. सोलापूर जिल्ह्यातलं हायवेवरचं टेंभुर्णी वेगळं. आमचं जाफराबाद तालुक्यातलं. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पुण्याच्या एका कंपनीचं काम गावातल्या घरूनच करतो. मुलगी आठ वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा. घरात आम्ही दखनी बोलतो, मुलीची शाळा मराठी, मोबाइलवरचे व्हिडिओ हिंदी. त्यामुळे कुठलीही मोठी बातमी आमच्या मुलांवर तीन भाषांतून तीनदा येऊन आदळते, आणि प्रत्येक वेळी तिचा सूर वेगळा असतो. एका भाषेत ती दुःखाची असते, दुसरीत भीतीची, तिसरीत रागाची. मुलानं यातला कुठला सूर खरा मानायचा?

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळच्या बैसरनमध्ये अतिरेक्यांनी २६ जणांना गोळ्या घातल्या. त्यात सहा जण आपल्या महाराष्ट्राचे होते: डोंबिवलीचे तिघे, पुण्याचे दोघे आणि पनवेलचे एक. धर्म विचारून मारल्याचं वाचलेल्या लोकांनी सांगितलं. बायका-मुलांच्या डोळ्यांदेखत माणसं मारली गेली. पुढचे कित्येक दिवस देशात दुसरा विषय नव्हता, आणि नसणं साहजिकच होतं.

गावात वार्षिक परीक्षेचे दिवस होते. दोन दिवसांनी मुलगी शाळेतून आली आणि पेपर कसा गेला हे सांगायच्या आधी तिनं विचारलं, ‘अब्बू, आपले लोक म्हणजे कोण?’ वर्गातल्या एका मुलानं तिला विचारलं होतं, ‘तुमच्या लोकांनी त्यांना का मारलं?’

त्या मुलाचा मला राग आला नाही. आठ वर्षांचं पोर असं वाक्य स्वतः जुळवत नाही. ते घरून डब्यासोबत येतं. माझ्या मुलीचा प्रश्न मात्र तिचा स्वतःचा होता, आणि तो त्या मुलाच्या प्रश्नापेक्षा अवघड होता.

मी तिला सांगितलं ते असं. काश्मीरमध्ये फिरायला गेलेल्या माणसांना काही लोकांनी बंदुकीनं मारलं. मारलेली माणसं कुणाचे तरी अब्बू होते, कुणाचे भाऊ होते, त्यांनी कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. ज्यांनी मारलं ते खुनी आहेत; ते स्वतःला काहीही म्हणवोत, आपण त्यांना खुनीच म्हणायचं. तिथे सय्यद आदिल हुसेन शाह नावाचा एक घोडेवाला होता. तो पर्यटकांना वाचवायला पुढे झाला आणि त्यालाही त्यांनी मारलं. मग मी तिला विचारलं, ‘आता तूच सांग, यातले आपले लोक कोण?’ तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, ‘जे मेले ते. आणि घोडेवाला.’ थोड्या वेळानं तिनं पेपरातलं एक गणित चुकल्याचं सांगितलं आणि खेळायला गेली.

हे इतकं सविस्तर सांगायचं कारण असं की अशा वेळी आपल्या समाजातल्या घरांत दोन वेगळ्याच गोष्टी होताना मी पाहतो.

पहिली म्हणजे गप्प बसवणं. ‘शाळेत याबद्दल काही बोलू नकोस. कुणी विचारलं तर मान खाली घालून निघून ये.’ हे सांगणाऱ्या आई-बापाची भीती खोटी नसते. मार्च २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या किराडपुऱ्यात दंगल झाली, तेव्हा आमच्या भागातल्या घरांतही मुलांना दाराबाहेर सोडलं जात नव्हतं. पण ‘बोलू नकोस’ एवढंच ऐकलेलं मूल त्यातून काय शिकतं? आपल्यात काहीतरी लपवण्यासारखं आहे, हे शिकतं. आठव्या वर्षी शिकलेला हा धडा अठराव्या वर्षी पुसता येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे खुलासा पाठ करून घेणं. ‘सांग त्यांना, आपण तसले नाही. सांग, इस्लाम म्हणजे शांतता.’ हे वाक्य खोटं नाही. पण ते आठ वर्षांच्या मुलाच्या तोंडी का घालायचं? ज्यानं काही केलेलंच नाही त्याला सफाई द्यायला उभं केलं की आपणच त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात नेतो. समाजाची बाजू मांडायला लेखक आहेत, वकील आहेत, संघटना आहेत, हे मासिक आहे. तिसरीतल्या मुलीनं समाजाचा प्रवक्ता व्हायचं कारण नाही. तिला फक्त वाईट वाटू द्या. मेलेल्या माणसांबद्दल वाईट वाटायचा हक्क तिलाही तितकाच आहे, आणि त्या हक्कासाठी तिनं आधी ओळखपत्र दाखवायची गरज नाही.

यालाच जोडून एक कठोर गोष्ट आपण स्वतःलाही सांगितली पाहिजे. वड्याचं तेल वांग्यावर काढू नये, असं आपण इतरांना सांगतो. तोच नियम आपल्या जेवणाच्या दस्तरख्वानवरही हवा. एखाद्या गावात झुंडीनं कुणा मुसलमानाला मारल्याची बातमी येते, तेव्हा आपल्या तोंडून सहज निघतं, ‘हे लोक असेच.’ समोर पाच वर्षांचं मूल पोळीचा तुकडा मोडत बसलेलं असतं. उद्या त्याच ‘हे लोक’मधल्या मित्राच्या शेजारी त्याला बाकावर बसायचं आहे. वर्गातल्या मुलाला ‘तुमचे लोक’ हा शब्द त्याच्या घरानं दिला. ‘हे लोक’ हा शब्द आपल्या घरातून बाहेर जाऊ नये. पहलगाममध्ये मारले गेलेले नौदलाचे लेफ्टनंट विनय नरवाल यांच्या पत्नी हिमांशी यांनी दुःखाच्या त्या दिवसांतही सांगितलं की मुसलमानांच्या आणि काश्मिरींच्या मागे लागू नका, आम्हाला न्याय हवा आहे. त्याबद्दल त्यांना समाजमाध्यमांवर शिव्या खाव्या लागल्या. मुलांना अतिरेक्यांबद्दल सांगायचं असेल तर आदिलबद्दल आणि हिमांशींबद्दलही सांगा. ते सांगितलं नाही, तर बातमी अर्धीच सांगितली असं होईल.

‘आपले लोक’ हा शब्द मुलांसाठी किती मोठा करायचा, हे आपण कुठल्या बातम्या घरात बोलतो यावरून ठरतं. आमच्या जिल्ह्याचंच उदाहरण घ्या. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रेल्वे रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. ते जालन्याच्या स्टील कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातले मजूर होते. टाळेबंदीत काम बंद, गाड्या बंद, म्हणून रुळांच्या कडेनं चालत घरी निघाले होते. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकऱ्यांचं छायाचित्र तेव्हा देशभर गेलं. ती माणसं आपल्या जातीची नव्हती, धर्माची नव्हती, राज्याचीही नव्हती. पण आपल्या घरांच्या स्लॅबमध्ये जे गज आहेत, त्यांतले कितीतरी जालन्यात अशाच हातांनी तयार झालेले असतात. मुलाला हे सांगता येतं. त्यात भीती घालावी लागत नाही, आणि ‘आपले’ या शब्दात सोळा माणसं वाढतात.

आता टीव्ही आणि मोबाइलबद्दल. इथे इंजिनिअर म्हणून थोडं सांगतो.

२०१३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत बोस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यानंतरच्या आठवड्यांत संशोधकांनी हजारो लोकांना प्रश्न विचारले आणि २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्फोटानंतर रोज सहा तास किंवा त्याहून जास्त त्या बातम्या पाहणाऱ्या लोकांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष स्फोटाच्या ठिकाणी असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. हा अभ्यास मोठ्या माणसांचा होता. मोठ्यांना निदान हे कळतं की एकच दृश्य पुन्हा पुन्हा दाखवत आहेत. पाच वर्षांच्या मुलाला ते कळेलच असं नाही. त्याच्यासाठी टीव्हीवर चाळीस वेळा दिसलेला स्फोट म्हणजे चाळीस स्फोट असू शकतात, आणि काश्मीर हे जाफराबादच्या पलीकडचं गाव असू शकतं.

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत काही वाहिन्यांनी रात्रभर जे दाखवलं ते आठवा. कराची बंदर उद्ध्वस्त झालं, अशा बातम्या चालल्या आणि सकाळी त्यांतलं काही खरं नव्हतं. मागे सायरनचा आवाज सतत चालू होता. शेवटी १० मे रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाला वाहिन्यांना सांगावं लागलं की जनजागृती सोडून इतर कार्यक्रमांत नागरी संरक्षणाच्या सायरनचे आवाज वापरू नका. सरकारला जे वाहिन्यांना सांगावं लागलं, ते घरात आपल्याला रिमोटच्या एका बटणानं करता येतं. पहलगामनंतर तर नवऱ्याच्या मृतदेहाशेजारी बसलेल्या त्या तरुणीच्या छायाचित्राला कार्टूनचं रूप देऊन फिरवलं गेलं. मोठ्यांना त्यातली वेदना दिसली; लहान मुलाला कार्टून दिसलं आणि त्यानं बोट लावून ते उघडलं.

मोबाइलचं यंत्र कसं चालतं तेही समजून घ्या. आपण एक व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला की तसलाच दुसरा पुढे येतो. तो व्हिडिओ खरा आहे की खोटा, चांगला आहे की वाईट, हे ते यंत्र बघत नाही. माणूस किती वेळ थांबला हे मुख्यतः बघतं. अब्बूंनी रात्री हल्ल्याचे दहा व्हिडिओ पाहिले आणि सकाळी तोच मोबाइल मुलाच्या हातात दिला, तर अकरावा व्हिडिओ मुलाला दिसणार. म्हणून अशा दिवसांत मुलांच्या हाती मोठ्यांचा फोन देऊ नये. ही शिस्त मोठ्यांनी पाळायची आहे, मुलांनी नाही.

अफवेचं तर महाराष्ट्राला फार महाग पडलेलं उदाहरण आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होते. पराचा कावळा झाला आणि भिक्षेसाठी गाव सोडून आलेली पाच माणसं गेली. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. लक्षात घ्या, त्या मेसेजमध्ये लिहिलं काय होतं? ‘आपली मुलं सांभाळा.’ मुलांच्या काळजीचं नाव घेऊनच ते गावोगाव पोचले. मुलांची खरी काळजी असेल तर त्यांच्यासमोर असा मेसेज मोठ्यानं वाचू नये, आणि वाचलाच तर ‘हे खरं आहे का, कुणी पाहिलं?’ हा प्रश्नही त्यांच्यासमोरच विचारावा.

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. कुणी बातमी आणली तर आधी तिची खातरजमा करा, नाहीतर अजाणतेपणी तुम्ही कुणाचं तरी नुकसान कराल आणि मग पस्तावाल, अशा अर्थाची आज्ञा सूरह हुजुरातमध्ये आहे. मकतबमध्ये मुलं ही सूरह वाचतात. तिचा अर्थ त्यांना मोबाइल हातात धरून समजावला, तर धर्म आणि नागरिकशास्त्र हे दोन वेगळे तास लागणार नाहीत.

प्रत्यक्ष बोलायचं कसं? आमच्या कामात एक पद्धत आहे. एखादी मोठी सिस्टीम बंद पडली की लाखो ग्राहक वाट बघत असतात. तेव्हा आम्ही कारण सापडेपर्यंत गप्प बसत नाही आणि अंदाजही ठोकत नाही. पहिल्या संदेशात तीनच गोष्टी लिहितो: काय झालं आहे, काय अजून माहीत नाही, आणि पुढची माहिती कधी देऊ. मुलांशी बोलताना मला हीच पद्धत सगळ्यात उपयोगी पडते. ‘काश्मीरमध्ये काही माणसांना मारलं गेलं. कुणी मारलं ते पोलीस शोधत आहेत, अब्बूला अजून माहीत नाही. उद्या कळलं की मी तुला सांगेन.’ ‘मला माहीत नाही’ असं बापानं म्हटल्यानं मूल घाबरत नाही. बाप घाबरलेला आहे आणि तरी ‘काही नाही, काही नाही’ म्हणतो आहे, याला ते घाबरतं.

याच्या आधी एक पायरी आहे. सांगण्याआधी विचारायचं: ‘तू काय ऐकलंस?’ मुलाच्या डोक्यात काय आहे हे कळल्याशिवाय आपण उत्तर देतो ते बहुतेक वेळा भलत्याच प्रश्नाचं असतं. माझ्या पाच वर्षांच्या मुलाला त्या दिवसांत अतिरेकी, सीमा, सैन्य यांतलं काही विचारायचं नव्हतं. त्याला विचारायचं होतं की चाचू पुण्याला गेले आहेत ते परत येणार ना. त्याला चाचूंशी फोनवर बोलायला दिलं आणि त्याची बातमी संपली.

वयाप्रमाणे माप बदलतं. पाच-सहा वर्षांच्या मुलाला दोन वाक्यं पुरतात: एक वाईट गोष्ट घडली, ती इथून लांब आहे, आणि आम्ही तुझ्याजवळ आहोत. आठ-नऊ वर्षांचं मूल ‘का?’ विचारतं. त्याला कारणांचं पुराण नको असतं, पण न्यायाचा प्रश्न त्याला नेमका कळतो: चूक कुणाची, शिक्षा कुणाला. अकरा-बाराव्या वर्षी नकाशा काढून बसता येतं, दोन वर्तमानपत्रांतली एकच बातमी शेजारी ठेवून वाचता येते. सप्टेंबर २०२३ मध्ये अंतरवाली सराटीत लाठीमार झाला, एसटी जळाल्या, गाड्या बंद राहिल्या. तेव्हा आमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला प्रश्न पडले असणार. आरक्षण म्हणजे काय, लोक उपोषणाला का बसतात, गाडी का जाळू नये, हे त्या दिवसांत घरात बोलता आलं असतं. नागरिकशास्त्राचं पुस्तक तेव्हा रस्त्यावर उघडं पडलं होतं.

ज्या मुलाला झोप लागत नाही, जे पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं आहे किंवा शाळेचं नाव काढताच पोट दुखतं म्हणतं, त्याच्या बाबतीत मात्र घरगुती उपायांवर अडून राहू नये. काही आठवड्यांत फरक पडला नाही तर डॉक्टरला दाखवावं. ‘नजर लागली’ म्हणून वेळ घालवू नये.

हे सगळं घराच्या चार भिंतींत संपत नाही. महाराष्ट्रातल्या शाळांत रोज सकाळी परिपाठ होतो. प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, आणि एक विद्यार्थी उभा राहून आजच्या ठळक बातम्या वाचतो. म्हणजे बातमीला शाळेत रीतसर जागा आहे. पण मथळे वाचले जातात आणि मुलं वर्गात जातात. मोठी घटना घडेल त्या दिवशी तिथेच पाच मिनिटं शिक्षकांनी बोलावं, एवढी मागणी आपण शाळा व्यवस्थापन समितीत करू शकतो. मेलेल्यांसाठी मिनिटभर उभं राहू, पोलीस तपास करत आहेत, आणि या वर्गातलं कुणीही या घटनेला जबाबदार नाही, ही तीन वाक्यं गुरुजी किंवा बाई सगळ्यांसमोर बोलल्या, तर मधल्या सुट्टीत ‘तुमच्या लोकांनी’ हा प्रश्न विचारायला जागा उरत नाही. समितीत पालकांचंच बहुमत असतं. आपल्यातले किती जण बैठकीला जातात, हाही प्रश्न आहे.

तसंच मकतबमधल्या उस्तादांनी आणि जुम्याच्या खुतब्यात इमाम साहेबांनी डोंबिवलीच्या, पुण्याच्या, पनवेलच्या त्या माणसांसाठीही दुआ करावी. अनेक मशिदींत ती होतेच. मुलांना कळेल अशा भाषेत झाली तर आणखी बरं. दुआ कुणासाठी होते, यावरूनही मूल ‘आपले लोक’ शिकत असतं.

‘लहान तोंडी मोठा घास कशाला?’ असं आमच्याकडचे बुजुर्ग म्हणतील. त्यांचा आदर ठेवून सांगतो, हा घास आपण भरवत नाही. तो मुलांच्या तोंडात आधीच कोंबला गेला आहे, टीव्हीनं, फोननं, बाकावरच्या सोबत्यानं. तो बारीक करून देणं एवढंच आपल्याला करता येतं. पुढची मोठी बातमी कुठली आणि कधी येईल हे कुणालाच माहीत नाही. ती येईल त्या दिवशी टीव्ही बंद करा, फोन बाजूला ठेवा आणि मुलाला जवळ घेऊन आधी विचारा: ‘तू काय ऐकलंस?’